गोराईची बोट, बंद फाटक आणि तुमच्या आठवणी (अनुभव धागा)

मीठभाकर

परवा आईला घेऊन गोराईच्या विपश्यना पॅगोडाला गेले होते. तिचे गुडघे, त्यात बोटीत चढायची ती हलती फळी, म्हणून माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. पल्याड उतरलो आणि ती मध्येच थांबून म्हणाली, "तू ओकली होतीस ती जागा हीच ना गं?"

हीच. 1997, मी सहावीत, तिथल्या एस्सेल वर्ल्ड या पाळण्यांच्या पार्कला निघालेलो. पाळण्यात बसून ओकले असते तर निदान सांगायला तरी बरं होतं. मी बसायच्या आधीच ओकले. आदल्या रात्री आनंदाने झोप नाही, सकाळी बळेबळे भरवलेले दूधपोहे, आणि बोटीच्या डिझेलचा वास. बाबांनी रुमाल खाडीच्या पाण्यात बुडवून माझं तोंड पुसलं. ती खारट चव आणि वर त्यांचं "आता पोट रिकामं झालं, आता काही होत नाही, चल" हे दोन्ही अजून तसंच आहे. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

परवाच्या बोटीत शेजारच्या वॉटर किंगडम या वॉटर पार्कला निघालेली पोरं होती, आरडाओरडा तोच. एस्सेल वर्ल्डचं फाटक मात्र बंद. 1989 ला सुरू झालेलं, आमच्या पिढीचं अख्खं बालपण त्या खाडीवरून ये-जा करत गेलं, आणि कोविडमध्ये थांबलं ते थांबलंच. आई फाटकासमोर दोन मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, चल, ऊन वाढेल.

तर लिहा तुम्हीपण. एस्सेल वर्ल्डच पाहिजे असं नाही, समुद्रकाठचे कुठलेही पाळणे चालतील. पुन्हा सुरू व्हावं असं वाटतं का, तेही सांगा.

खिडकीवाली

रेनबो!!!!

कुकर लावलाय, नंतर येते.

अर्ध्या तिकिटाचा

झिपर डिपर कोस्टरच्या दारात उंचीची पट्टी होती. मी दोन बोटं कमी. दादाने डोकं चालवलं, माझ्या बुटात वर्तमानपत्र कोंबलं, टाचेखाली चांगलं चार घड्यांचं. रांगेत पाऊण तास लंगडत उभा. पट्टीला डोकं टेकलं, मी मनात जिंकलो. तिथल्या काकांनी खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बूट काढ."

पुढच्या वर्षी गेलो तोवर उंची भरपूर झाली होती, पण दादा दहावीत म्हणून आला नाही. एकट्याने बसलो. मजा आली नाही फारशी.

दुपारचा चहा

बोरिवलीहून गोराई खाडीला 294 बस जाते ना अजून? की बदलला नंबर?

कंडक्टर

@दुपारचा चहा 294 च. आणि मालाडहून मार्वेला 272. रविवारी 272 पकडणाऱ्यांनी देवाचं नाव घेऊन पकडावी.

भित्री भागूबाई

मी त्या भुताच्या गुहेत, मॉन्स्टर्स इन द मिस्टमध्ये, शाळेच्या सहलीला गेले होते. गेले म्हणजे ढकलली गेले. अंधारात ज्याचा हात घट्ट धरून सगळा रस्ता काढला तो हात मैत्रिणीचा समजत होते. बाहेर उजेडात आल्यावर बघते तर आमचे भूगोलाचे सर. तेही घामाघूम. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वर्षभर त्या विषयावर एक शब्द नाही. भूगोलात त्या वर्षी मला कधी नव्हे ते चांगले मार्क पडले, योगायोगच असेल 😄

अर्ध्या तिकिटाचा

@भित्री भागूबाई 😂😂 सर बिचारे

गंजका नट

देखभालीच्या धंद्यात हयात गेली, पाळण्यांच्या नाही, बंदरावरच्या क्रेनच्या. पण लोखंड तेच आणि खारं वारंही तेच, म्हणून लिहितो.

समुद्राकाठी रंगाच्या कामाला शेवट नसतो. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला फोड आलेले असतात. वरून दिसणारा गंज परवडला, तो खरवडता येतो. भीती असते ती वेल्डिंगच्या जोडात केसासारखी चीर जाते तिची. ती बघायला जोड घासूनपुसून स्वच्छ करतात, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव फवारतात, थोडा वेळ मुरू देतात, मग पुसून घेऊन पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर त्या पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटते. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण आदल्या दिवशी मी त्याच जोडावर पाय ठेवून उभा होतो.

सांगायचा मुद्दा, लोकांना वाटतं बंद पडलेलं यंत्र "तसंच आहे", बटण दाबलं की सुरू. बंद यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर मरतं. ग्रीस सुकतं, बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी वजन घेऊन बसतात आणि तिथेच खड्डे पाडतात, त्यात आपला पावसाळा. म्हणून "जुनंच पुन्हा चालू करा" म्हणणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं. जागा परत उघडता येईल. जुना पाळणा परत उघडायचा म्हणजे बहुतेक वेळा नवा आणणंच.

मीठभाकर

@गंजका नट काका, ती लाल रेघ आता मला स्वप्नात येणार. पण छान लिहिलंत.

खिडकीवाली

आले. भात झाला.

तर रेनबो. ती लांब पाटासारखी बैठक, सगळे एका ओळीत, आणि तो पाट उचलून वर घेऊन जायचा, गोल फिरवून खाली. माझी आजी नऊवारीत बसली होती त्यात. आम्ही सगळ्यांनी "आज्जी नको" केलं. ती म्हणाली, विहिरीच्या रहाटाला लोंबकळून वाढलेली आहे मी. पहिल्या फेरीला गप्प. दुसऱ्या फेरीला वरच्या टोकाला पोचल्यावर जोरात ओरडली, "अगं समुद्र दिसतो!" खाली उतरून पदर सावरला आणि विचारलं, परत रांग कुठून लावायची.

आम्ही परत नेलं नाही तिला, बाकीचं बघायचं होतं ना. आता वाटतं रांग लावायला पाहिजे होती.

थेम्सकाठचा

इकडचं एक उदाहरण देतो, गंजका नट यांच्या मुद्द्याला जोडूनच. इंग्लंडमध्ये मार्गेट नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे ड्रीमलँड म्हणून पार्क. त्यातली लाकडी रोलर कोस्टर 1920 ची. गंमत म्हणजे तिच्या गाडीत ब्रेक लावणारा माणूस सोबत बसून जायचा, ट्राममध्ये असायचा तसा. लोक स्वस्त विमानाने स्पेनला जायला लागले, गाव ओस पडलं, पार्क या शतकाच्या सुरुवातीला बंद. 2008 ला कोस्टरला आग लागली, बराचसा भाग गेला. पण त्याआधीच, 2002 मध्ये, तिला वारसा वास्तूचा दर्जा मिळालेला होता आणि गावातले लोक पार्क वाचवण्यासाठी हटून बसले होते. 2015 ला पार्क पुन्हा उघडलं आणि कोस्टर नव्याने बांधून काढली.

मी 2016 ला गेलो होतो. जुने आकाशपाळणे, जुन्या रंगाच्या पाट्या. पावसात कुडकुडत बटाट्याचे चिप्स खाल्ले. शेजारी एक आजोबा नातवाला "माझ्या वेळी हे असं नव्हतं" सांगत होते आणि नातू मोबाईलमध्ये. म्हटलं, झालं, घरी आल्यासारखं वाटलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही, पैशाची ओढाताण पुन्हा झालीच. पण उघडलं तरी.

खाडीपल्याड

सगळ्यांचं वाचलं. मी गोराईची, गावातली. तुम्ही बोटीने "तिकडे" यायचात ना, ते तिकडे म्हणजे आमचं घर.

लहानपणी उन्हाळ्यात वारा फिरला की तुमच्या किंकाळ्या आमच्या अंगणात ऐकू यायच्या. माझी माय वलांडीवर बोंबील टाकता टाकता म्हणायची, बघ, पैसे देऊन ओरडतायत. गावातली कितीतरी पोरं तिथे कामाला लागली, माझा मामा पण. मामा घरी आला की कपड्यांना ग्रीस आणि पॉपकॉर्न असा मिळून वास. आम्हाला तोच वास म्हणजे एस्सेल वर्ल्ड. आत मी पहिल्यांदा गेले ते अकरावीत, कॉलेजच्या मैत्रिणींना फिरवायला! जवळ राहणाऱ्याचं असंच असतं.

पुन्हा सुरू व्हावं का? कामं मिळतील, व्हावं. पण गावाला विचारून. पर्यटनासाठी म्हणून इथल्या जमिनीवर मोठमोठे बेत याआधी पण आले होते, गोराई, मनोरी, उत्तन सगळे एकत्र उभे राहिले तेव्हा थांबले. आणि एक सांगू, तुम्हाला बोटीचा प्रवास म्हणजे मजा. रात्री घरात कोणाच्या छातीत दुखलं की आम्हाला भाईंदरवरून वळसा. मजा त्यातून वजा होते.

मीठभाकर

@खाडीपल्याड हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरंच. लिहित राहा.

दुपारचा चहा

@खाडीपल्याड सुके बोंबील मिळतील का? पावसाळ्याआधी. विषय सोडून विचारतोय, माफी.

खाडीपल्याड

@दुपारचा चहा या की, बोटीने या. मजा पण होईल 😛

लिव्हरमामा

मी दोन उन्हाळे एका पार्कात पाळणा चालवायचो. नाव सांगत नाही, आता ते नाहीच. सकाळी लोक यायच्या आधी सीटवर वाळूच्या गोण्या बांधून रिकामी फेरी मारायची, एक, दोन, तीन. कान लावून आवाज ऐकायचा. दहा दिवसांत आवाज पाठ होतो, थोडा जरी वेगळा वाटला तरी पोटाला आधी कळतं, डोक्याला नंतर. मग प्रत्येक सीटचा दांडा हाताने ओढून बघायचा. हिरवं बटण दाबायला अक्कल लागत नाही. दिवसभर कोणाला "नाही" म्हणायला लागते. उंची कमी, पोटुशी बाई, दारू पिऊन आलेला, गळ्यात ओढणी. रोज शिव्या खायचो.

@अर्ध्या तिकिटाचा, बूट काढायला लावणारा मी नव्हतो, पण मी पण काढायला लावले असते.

अर्ध्या तिकिटाचा

@लिव्हरमामा आता माझी पोरगी दोन बोटं कमी आहे. आता मला ते काका देवमाणूस वाटतात.

कंडक्टर

जुहू चौपाटीचे हाताने फिरवायचे पाळणे कोणी बसलंय का? मोटर नाही, काही नाही. पाळणेवाला माकडासारखा वर चढायचा आणि एका दांड्याला लटकून स्वतःच्या वजनाने पाळणा खाली आणायचा. त्यात बसायला कसली भीती नव्हती, त्याच्याकडे बघायला होती. माहीमच्या उरुसात पण तसेच. जोगेश्वरीचं फँटसी लँड गेलं, दिल्लीचं अप्पू घर 2008 ला गेलं. आता इमॅजिका आहे म्हणा, 2013 पासून, पण खोपोलीला बोट जात नाही.

खिडकीवाली

@कंडक्टर "खोपोलीला बोट जात नाही". बरोबर आहे की. मला पाळण्यांची नावं निम्मी आठवत नाहीत, बोट अख्खी आठवते. बाकावर जागा मिळाली की बाजूचं पाणी हाताला लागतं का बघायचं, खारफुटीतले बगळे, आणि समोर ते सगळं हळूहळू मोठं होत जायचं.

(ते एस्सेल वर्ल्डच्या जाहिरातीतलं गाणं कृपया कोणी इथे लिहू नका. दिवसभर डोक्यात फिरतं.)

भित्री भागूबाई

लिहिलं नाही तरी फिरायला लागलं ना आता. धन्यवाद हं 😡

गंजका नट

पुन्हा सुरू करण्याबद्दल अजून एक. पार्क आलं 1989 ला, किनाऱ्यावरच्या बांधकामांचे सीआरझेड नियम आले 1991 मध्ये. त्यानंतर खारफुटीबद्दल उच्च न्यायालयाचे आदेश, 2005 चा आणि मग 2018 चा, आणि खारफुटीभोवती 50 मीटर मोकळं ठेवायचं. म्हणजे आज कोणी शून्यातून तिथे तेच उभारायला गेला तर कागदपत्रांतच म्हातारा होईल. आणि ते योग्यच आहे, 26 जुलैचा पूर आपण विसरलेलो नाही. मला विचाराल तर पाळणे थोडे ठेवा, झाडं वाढवा, बोट चांगली करा, रात्रीची पण. म्हणजे @खाडीपल्याड यांचंही काम होईल. मोठ्या कोस्टरचा हट्ट सोडा.

अर्ध्या तिकिटाचा

काका, कोस्टर नसेल तर बागच झाली ना ती. बाग बोरिवलीत पण आहे.

गंजका नट

तू तुझ्या पोरीला घेऊन बागेतच जा. बूट घालून.

लिव्हरमामा

😂

थेम्सकाठचा

@मीठभाकर, पॅगोडा कसा वाटला ते लिहिलंच नाहीत. उंची 325 फूट, घुमटाखाली एकही खांब नाही आणि 8,000 माणसं बसतात असं वाचलं होतं. भारतात आलो की जायचं आहे.

मीठभाकर

@थेम्सकाठचा बघाच. आत शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो. आई काचेपलीकडे बघत बराच वेळ बसली होती, मला वाटलं ध्यान लागलं. म्हटलं बरं वाटतंय का, तर म्हणे, पाय आखडलेत, उठव.

काल रात्री तिला हा अख्खा धागा वाचून दाखवला. खिडकीवालीच्या आजीला खूप हसली. आणि माझं लिहिलेलं चुकीचं आहे म्हणाली. रुमाल बाबांचा नव्हता, तिचा होता. तोंडही तिनेच पुसलं, बाबा तेव्हा तिकिटाच्या रांगेत होते आणि त्यांना संध्याकाळी घरी आल्यावर कळलं.

दूधपोहेही नव्हते म्हणे. आदल्या दिवशीची इडली होती.