मदत हवी आहे: कॉफी मशीन दुरुस्त करावं की साधा कॉफी फिल्टर घ्यावा? (बोअरचं पाणी, घर संकेश्वरात)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात बॉयलरवर ३१ वर्षं काढून आता घरी बसलोय. आमचं घर चहाचं. सकाळी सहाला आलं ठेचून, दुपारी चारला परत, आणि पाहुणा आला की त्याच्या निमित्तानं अर्धा कप आणखी. कॉफी म्हणजे कोजागरीचं जागरण, नाहीतर कुणाला ताप आला तर इन्स्टंट पावडर आणि वर जायफळ. इतकंच आम्हाला माहीत.

गेल्या वैशाखात थोरल्याचं लग्न झालं. सून हासनची. तिच्या माहेरी काफीशिवाय दिवस उजाडत नाही. आहेरात एक ड्रिप कॉफी मेकर आला होता, काचेचं भांडं, वर जाळीची टोपली, खाली गरम राहणारी पट्टी. म्हटलं, बरं झालं, पोरीची सोय झाली.

चौथ्या महिन्यापासून मशीन कुरकुरायला लागलं. आधी सहा कप आठ मिनिटांत व्हायचे, आता वीस मिनिटं झाली तरी टाकीत पाणी शिल्लक. आत गुरगुर होते, झाकणातून वाफ भसाभस येते, टोपलीत मात्र थेंब थेंब. परवा मध्येच गप्प झालं आणि गार झाल्यावर आपोआप चालू झालं. दुकानदारानं न उघडताच सांगितलं, हीटर गेला, नवीन घ्या.

दुसरी भानगड चवीची. सून तोंडानं काही बोलत नाही, पण अर्धा कप मोरीत जातो हे बायकोनं पाहिलं. खोदून विचारल्यावर म्हणाली, "नीरू नीरू लागते, मावा." नीरू म्हणजे पाणी. आमच्याकडे शेजारच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध, त्यावर बोटभर साय. त्यात ही कॉफी पडली की रंग बदलतो, चव येत नाही.

मुलगा ऑनलाइन एस्प्रेसो मशीन बघतोय, १५ बार दाबाचं. मी ४५ किलो प्रेशरच्या बॉयलरवर नोकरी केली, मला १५ बारचं कौतुक सांगतो! त्याला काळी कॉफी लागते, तीही एकट्याला. बायकोला बेळगावात खडेबाजारात पितळी फिल्टर आवडला, पण कल्हई करायला आता माणूस शोधत कुठं फिरायचं? पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६८० दाखवतो. लाइटचा भरवसा नाही. चार-पाच हजारांच्या आत काय करावं, सांगा.

कॉफीखुळा, बेळगाव

काका, हीटर गेला असता तर वाफ आलीच नसती. चुना बसलाय.

या मशीनला पंप नसतो. टाकीतलं पाणी एका वनवे व्हॉल्व्हमधून खालच्या तापणाऱ्या नळीत उतरतं. तिथं उकळून बुडबुडे होतात आणि तेच बुडबुडे पाणी वर ढकलतात. बोअरचं पाणी तापलं की त्यातला चुना नळीच्या आतल्या अंगाला धरतो आणि भोक बारीक होत जातं. पाणी वर चढेना की नळी कोरडी तापते आणि थर्मोस्टॅट मशीन बंद करतो. म्हणून ते गार झाल्यावर परत चालू झालं.

किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर. पूड न घालता मशीन चालू करा, अर्धं पाणी उतरलं की बंद करून अर्धा तास तसंच ठेवा, मग उरलेलं चालवा. नंतर साध्या पाण्याचे तीन हात. व्हिनेगरनंही होतं, पण वास आठवडाभर जात नाही.

धागाकर्ता

हे वाचून कपाळावर हात मारला. बॉयलरच्या फीड वॉटरला सॉफ्टनर नसेल तर ट्यूबला स्केल, म्हणजे हाच चुना, धरतं हे मी पोरांना शिकवत आलो. आणि माझ्याच ओट्यावरचा हा दीड लिटरचा बॉयलर नाकाखाली बुजत गेला, मला दिसला नाही. आज रात्रीच करतो.

अक्का, निपाणी

चुना निघेल हो, पण सुनेची तक्रार त्यानं जायची नाही. ड्रिपमध्ये लिटरला ५५-६० ग्रॅम पूड पडते. ती काळी प्यायची कॉफी. तुमच्या सुनेला डिकॉक्शन पाहिजे, म्हणजे दुधात घालायचा कॉफीचा दाट अर्क. माझं माप २० ग्रॅम पुडीला १०० मिली पाणी. म्हशीच्या दुधाला तोंड द्यायचं तर एवढं दाट लागतंच.

स्टीलचा फिल्टर घ्या, हजाराच्या आत येतो. वरच्या भोकांच्या भांड्यात पूड, तिच्यावर दांडीची चकती, आणि डिकॉक्शन गळतं खालच्या भांड्यात. पितळी शोकेसला छान, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात असलं आंबट डिकॉक्शन मी तरी ठेवणार नाही. घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून भोकं बघा, सगळी सारखी आणि बारीक पाहिजेत.

पूड चिकोरी मिसळलेली घ्या, ८० कॉफी-२० चिकोरीने सुरुवात करा. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं, पण रंग आणि दाटपणा तीच देते. जास्त घातली तर भोकं धरते. टक्केवारी पाकिटावर छापलेली असते, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. एका वेळी पावशेरच आणा. पावसाळ्यात उघडी राहिली तर चार दिवसांत तिचा दगड होतो.

पाहुणा ७२

आमच्याकडे इन्स्टंट. चमचा, साखर, दूध, संपला विषय. 🙂

अक्का, निपाणी

@पाहुणा ७२, त्याला कॉफी म्हणत नाहीत बाळा.

खानापूरवासी

मुलाच्या मशीनबद्दल. १५ बार हा पंपाचा आकडा, एस्प्रेसोला साधारण ९ बार पुरतात. शिवाय चांगला ग्राइंडर नसेल तर मशीन शोभेचं. तुमच्या पाण्यावर त्याची बारीक नळी या मशीनपेक्षा लवकर बुजेल. त्याला मोका पॉट घेऊन द्या, वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं. इटलीत १९३३ साली बियालेट्टीनं काढलेली चीज आहे, गॅसवर चालते, लाइट लागत नाही. बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच पाणी भरायचं, हे तुम्हाला सांगायला नको. पूड दाबायची नाही. रबरी गॅस्केट कडक झालं की बदलायचं. अ‍ॅल्युमिनियमचा नुसत्या इंडक्शनवर तापत नाही.

आणि पाणी: आरओचं अगदी शून्याकडचं नको, चव सपाट होते. १५० टीडीएसच्या आसपास ठेवा. टीडीएस आणि जडपणा (चुना धरायला लावणारे क्षार) एकच नव्हे, पण तुमच्या भागात दोन्ही जोडीनंच येतात.

धागाकर्ता

नऊ दिवसांनी लिहितोय.

लिंबूसत्त्व दोनदा चालवलं. पहिल्या हाताला पाणी ताकासारखं आलं आणि काचेच्या भांड्याच्या तळाशी तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे तुकडे बसले. दुसऱ्या हातानंतर सहा कप नऊ मिनिटांत. दुकानदाराला ते तुकडे पुडीत बांधून दाखवले. तो म्हणाला, "असं असतं काय?"

स्टीलचा फिल्टर गडहिंग्लजला मिळाला. पहिल्या दिवशी मी आतली चकती अंगठ्यानं गच्च दाबली. दोन तास झाले तरी खाली टिपूस नाही. सुनेनं वरचं भांडं उचललं, चमच्याच्या दांड्यानं पूड सैल केली, चकती नुसती टेकवली आणि पाणी गोल फिरवत ओतलं. वीस मिनिटांत अर्धी वाटी भरली. मला काही बोलली नाही, पण तेव्हापासून फिल्टरला हात लावायची मला बंदी आहे. ड्रिप मशीन मुलाला दिलं, पाणी आरओ आणि बोअर मिसळून १६० वर आणलंय. मोका पॉटचं दिवाळीला बघू.

आता अक्कांना एक विचारायचं. चकतीची दांडी आणि भोकं काळपट पडलीयत, साबणानं निघत नाहीत. काय करायचं?

अक्का, निपाणी

वरचं भांडं रिकामं करून, चकती काढून, गॅसच्या बारीक आचेवर मिनिटभर धरा, सांडशीनं. भोकांत अडकलेलं जळून जातं. गार झाल्यावर झटका आणि चिंचेनं घासा. आणि रोज रात्री दोन्ही भांडी सुटी करून पालथी घालायची. एकात एक तशीच ठेवली तर सकाळी निघत नाहीत, मग आहे तुमचा पाना आणि हातोडा.