थकवा आणि अस्वास्थ्य सांगणारे जपानी शब्द : इंग्रजी अर्थांवरून फरक कळत नाही

प्रश्न

मी नागपुरात परिचारिका आहे. जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचे काम, ज्याला तिकडे ‘काइगो’ म्हणतात, मिळावे यासाठी गेले आठ महिने जपानी शिकत आहे. व्याकरण जमू लागले आहे, परंतु थकवा आणि प्रकृती यांविषयीच्या शब्दांपाशी मी अडले आहे. माझ्या पुस्तकात ‘त्सुकारेता’, ‘दारुइ’ आणि ‘शिन्दोइ’ या तिन्ही शब्दांसमोर ‘टायर्ड’ एवढाच अर्थ छापलेला आहे, आणि ‘गुआइ गा वारुइ’, ‘किबुन गा वारुइ’ व ‘किमोचि गा वारुइ’ या तिन्हींसमोर ‘बरे न वाटणे’ अशा आशयाचा एकच इंग्रजी शब्दप्रयोग आहे. रुग्ण नेमके काय सांगतो आहे हे कळले नाही, तर घ्यायची काळजीच चुकते, हे मी रोज वॉर्डात पाहते. हे शब्द वेगळे कसे ओळखावेत आणि कसे पाठ करावेत?

पहिले उत्तर

ताई, हे शब्द इंग्रजीच्या वाटेने शिकू नका. मराठीतून जपानीकडे जाणारा रस्ता जवळचा आहे. ‘त्सुकारेता’ हे भूतकाळी रूप असूनही आत्ताचा थकवा सांगते, आणि आपणही खुर्चीत टेकताना ‘दमले’ असेच म्हणतो. तहान लागली की जपानी माणूस ‘नोदो गा कावाइता’, म्हणजे ‘घसा सुकला’, असे म्हणतो. हा भूतकाळ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

‘त्सुकारेता’ला बहुधा कारण असते: काम, प्रवास, जागरण. ‘दारुइ’साठी कष्टच करायला हवेत असे नाही, अंग जड होते, हातपाय उचलवत नाहीत, ताप येण्यापूर्वी अंग मोडून येते, तेव्हा हा शब्द येतो. त्यामुळे एखाद्या आजोबांनी सकाळी उठल्या उठल्या ‘दारुइ’ म्हटले, तर आधी तापमान पाहावे. ‘शिन्दोइ’ हा मूळचा ओसाका-क्योतो भागातला शब्द आता सगळीकडे समजतो. त्यात शरीराचा शीण आणि मनाची दमछाक दोन्ही येतात, आपण ‘जीव मेटाकुटीला आला’ म्हणतो तसे.

‘गुआइ गा वारुइ’ म्हणजे तब्येत ठीक नाही. वरिष्ठांना कळवताना त्याऐवजी ‘ताइच्योऽ गा वारुइ’ अधिक औपचारिक वाटते. ‘किबुन गा वारुइ’मध्ये मळमळ किंवा गरगरणे येते, तर ‘किमोचि गा वारुइ’ म्हणजे पोटात ढवळून कसंनुसं होणे. हा शेवटचा शब्द किळस या अर्थानेही वापरतात, म्हणून दुसऱ्या व्यक्तीला उद्देशून तो कधीही उच्चारू नये.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण खरा खजिना अनुकरणवाचक शब्दांत आहे. वेदना कशी आहे हे जपानी रुग्ण डॉक्टरांना जोडशब्दांनी सांगतात, आणि याबाबतीत मराठी माणसाइतका तयार विद्यार्थी क्वचितच सापडेल, कारण ‘घसा खवखवतो’, ‘गळू ठसठसते’, ‘डोळे चुरचुरतात’ असे आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. खवखवणाऱ्या घशासाठी ‘इगाइगा’ आहे, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणाऱ्या दुखण्यासाठी ‘झुकिझुकि’, डोक्यात घण पडल्यासारखे होते तेव्हा ‘गानगान’, पोटात मळमळते तेव्हा ‘मुकामुका’, भोवळ आल्यासारखे वाटते तेव्हा ‘कुराकुरा’. कातडी चुरचुरली की ‘हिरिहिरि’, थंडी वाजून अंगावर शहारे आले की ‘झोकुझोकु’. पोट पिळवटल्यासारखे तीव्र दुखले तर ‘किरिकिरि’, आणि मंद पण सतत दुखत राहिले तर ‘शिकुशिकु’. या दोहोंतील फरक परिचारिकेला कळलाच पाहिजे. अतिश्रमाने अंगात त्राण उरले नसेल तर ‘हेतोहेतो’ किंवा ‘कुताकुता’ म्हणतात.

वहीत या शब्दांसमोर इंग्रजी अर्थ लिहू नका. तुमच्या आजीच्या तोंडचा मराठी शब्द लिहा.

तिसरे उत्तर

मी नागोया परिसरात चार वर्षे राहून आलो आहे, म्हणून बोलीभाषांविषयी सांगतो. वृद्धांची सेवा करायची असेल तर हे अत्यावश्यक आहे. प्रमाण जपानीत ‘एराइ’ म्हणजे थोर किंवा कौतुकास्पद, पण नागोयाकडचे वृद्ध ‘एराइ’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना अतिशय थकल्यासारखे झालेले असते. होक्काइदोमध्ये ‘कोवाइ’ या शब्दाचे तसेच आहे: प्रमाण भाषेत त्याचा अर्थ ‘भीती वाटते’, तिथल्या आजी मात्र थकवा सांगत असतात. पुण्याच्या माणसाला वऱ्हाडी ऐकताना जसे दोनदा विचारावे लागते, तसेच इथेही निःसंकोच पुन्हा विचारावे.

आणखी एक जोडी नागपूरकरांनी नक्की शिकावी. नवतप्यात पारा 45 अंशांवर गेला की आपण ज्याला ‘ऊन लागले’ म्हणतो, ते ‘नेच्चूशोऽ’, आणि तिथे तातडीने उपचार लागतात. ‘नात्सुबाते’ मात्र उन्हाळाभर हळूहळू चढत जाणारी ग्लानी आहे, ज्यात अन्नावरची वासना उडते. आपण पन्हे पितो तसे तिथे उन्हाळ्यात ‘उशि’च्या, म्हणजे पारंपरिक दिनगणनेतील बैलाच्या, दिवशी उनागि नावाचा मासा खाण्याची रीत आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रात्रपाळीत वही नव्याने लिहायला घेतली, आणि ‘इगाइगा’समोर ‘खवखव’ लिहिल्यावर तो शब्द पुन्हा पाहावा लागला नाही. एक वाक्य तपासून द्यावे, ही विनंती. ‘आईचे डोके दुखते’ यासाठी मी ‘हाहा वा आतामा गा इताइ देसु’ असे लिहिले आहे.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

शब्द बरोबर आहेत, पण शेवट बदलावा लागेल. ‘इताइ’ ही स्वतःला होणारी जाणीव आहे, आणि दुसऱ्याची जाणीव आपण स्वतः अनुभवल्याप्रमाणे सांगणे जपानीत खटकते. आईने तसे सांगितले असेल तर ‘इताइ सोऽ देसु’, म्हणजे ‘दुखते म्हणते’, असे म्हणावे. तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला दिसत असेल तर ‘इतागात्ते इमासु’. रुग्णाची नोंद दुसऱ्या पाळीतील सहकाऱ्याला देताना हाच भेद उपयोगी पडेल, कारण रुग्णाने सांगितलेले कोणते आणि आपण पाहिलेले कोणते, हे वाक्याच्या शेवटावरूनच कळते.