मार्गशीर्ष पुनवेनंतरची यल्लम्मा कुणी रंगवलीय का?

शहापूरच्या_ड्रॉइंगबाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय म्हणून लांबलं तर सांभाळून घ्या. मी बेळगावात शहापूरला, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता रिटायर. आयुष्यभर देव्या रंगवल्या. गावोगावच्या महालक्ष्मी यात्रेचे बॅनर, मंडपातली अंबाबाई, कुणाच्या देवघराची फ्रेम, सगळ्या कॅलेंडरातल्या. गोल चेहरा, मळवट, नथ, हिरवा चुडा, डोळे कानापर्यंत. हात इतका बसलाय की एका बाजूला आमटी उकळत ठेवूनसुद्धा होतं.

गेल्या वर्षी आई गेली. माहेरची कुलदेवता यल्लम्मा, त्यामुळं आई सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर जायची. बाबा गेल्यावर तिला हळदीकुंकवाचं बोलावणंच बंद झालं, ओटी भरायला ती पुढं व्हायची नाही, पण डोंगराला जायचं काही सोडलं नाही. एकदा मी विचारलं, तिथं कसं चालतं गं तुला? तर म्हणाली, "तिचा बी चुडा उतरतोय की." तेव्हा मी ते सोडून दिलं. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवी रांडाव म्हणजे विधवा होते, चुडा-मंगळसूत्र उतरतं आणि पुढं ती परत अहेव होते हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या मधल्या दिवसांतली देवी दिसते कशी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि बाजारात तसा एक फोटो मिळत नाही.

आता तीच काढायला घेतलीय. सहा महिने झाले, चार कागद फाडले. कुंकू काढलं की देवी वाटत नाही, आई वाटते. भाची म्हणते मावशी हा तुझा स्पिरिच्युअल जर्नी आहे (मला जर्नी म्हटलं की सौंदत्तीची लाल बस आणि मांडीवर परडी घेऊन बसलेली आई आठवते), जाऊबाई म्हणतात असलं अभद्र घरात लावू नका. तर असं चित्र कुणी बघितलंय का, काढावं का, आणि तोंडाचं काय करू?

निपाणीकर_७२:
ताई राग मानू नका पण काढू नये असं माझं स्पष्ट मत. आम्ही चिंचलीच्या मायाक्काचे, माघात बैलगाड्या जोडून जाणारी माणसं, देवीचं सगळं करतो. पण देवळातला विधी देवळात, तो भिंतीवर टांगायचा नसतो. देवी म्हणजे भरलेली मूर्तीच बरी वाटते. बाकी तुम्ही शिकलेल्या.

वडगाव_कोपरा:
@निपाणीकर_७२ काका, विठ्ठल पुरुष असून त्याला आपण माउली म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, जनाबाईनं तर त्याला विठाबाईच केलं. पुरुषात आई चालते आणि आईत विधवा चालत नाही, हे कसलं गणित?

खानापूरची_कुंभारीण:
अक्का मी बी बाईच हाय पण आमच्यात बायका आलो-गेलोच म्हणतात तेव्हा हसू नका. मी चाकावर काम करतो, म्हणून मडक्याचं तेवढं सांगतो. यल्लम्मा म्हणजेच आपली रेणुकाई, ती रोज मलप्रभेवर जाऊन वाळूचं मडकं करायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची आणि जमदग्नीला पाणी आणायची. एक दिवस गंधर्वांचा पाण्यातला खेळ बघत राहिली आणि मडकं काय होईना. तिथनं पुढं परशुराम, परशू, सगळं तुम्हाला ठाऊक हाय. लोक एवढंच सांगतात की तिचं मन चळलं. आता वाळूचं मडकं करून बघा की कुणीतरी! आमच्या खानापूरची माती चिकट, उगीच इथं सरकारनं व्हिलेज पॉटरीचं सेंट्रल इन्स्टिट्यूट काढलं नाही, तरी सुरुवातीला दहातली चार मडकी फिसकटतातच. वाळूला तर चिकणच नाही. ती बाई रोज तेच मडकं नव्यानं करायची, मग ती आधी कारागीरच की ओ. एवढी वर्षं जमलं ते कुणी मोजत नाही, एक दिवस बिघडलं तेवढं पुराणात आलं. तुमच्या चार कागदांचं काय घेऊन बसलाय.

आणि तोंडाचं म्हणाल तर आमच्या तालुक्यात सातेरी देवी म्हणजे वारूळ, त्याला कुठलं तोंड? कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते आणि तीच खाली रेणुकेकडं सौंदत्तीला जाते. तुम्ही तिला पाठमोरी काढा. डोक्यावर मडकं, नदीकडनं घराकडं निघालेली. पाठीवर कुंकू कुणी शोधत नाही.

गोकाक_रोड:
बाई, चित्र काढाच, पण एक टोचणारं बोलते. रांडाव-अहेव आपल्याला ऐकायला सुंदर वाटतं कारण आपण लांबून बघतो. ज्या पोरींना या देवीला सोडलं त्यांची लग्नं देवीशी लागली, म्हणजे त्या कधीच विधवा नाहीत, म्हणून शुभ, लग्नात त्यांना मान, आणि रात्री त्यांची काय गत होती ते सगळ्या गावाला माहीत होतं. १९८२ साली कर्नाटकानं कायदा करून मुली सोडणं बंद केलं, तरी त्या वेळच्या बायका अजून आपल्या आसपास म्हाताऱ्या होतायत. मी कामानिमित्त त्यांच्यात बसते. एकीनं सांगितलं की देवीचा चुडा उतरतो त्या दिवशी आम्ही आमच्याबी बांगड्या फोडून घेतो आणि त्या दिवशी रडायला आम्हाला कारण लागत नाही.

दुसरं, हे देवीचं बाईपण बायकांपुरतं नाही. जोगप्पा बघा, पुरुषाचा जन्म आणि देवीची साडी. मंजम्मा जोगती त्यातल्याच, जोगती नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली. म्हणून म्हणते, कल्पनेतनं काढू नका, एखाद्या जोगतिणीला, म्हणजे देवीला सोडलेल्या बाईला, समोर बसवा, डोक्यावर जग (देवीची टोपली) घेतल्यावर मान कशी ताठ राहते ते बघा. आणि बसण्याचे पैसे द्या, नुसता चहा नको.

वडगाव_कोपरा:
मीडियम काय वापरताय बाई?

शहापूरच्या_ड्रॉइंगबाई:
सगळ्यांना थँक्यू, निपाणीच्या दादांनासुद्धा, तुमचंच माझ्या घरात चालतं.

मीडियम सांगायला जरा लाजल्यासारखं होतंय. आईच्या पिशवीत डोंगरावरचा भंडारा उरला होता, तोच डिंकाच्या पाण्यात कालवून लावतेय. हळद उन्हात उडते हे मीच पोरांना शिकवलंय, त्यामुळं टिकणार नाही हे माहीत आहे. परवा ब्रश चुकून पानाच्या डब्यातल्या चुन्याला लागला आणि तो कागदावर टेकवला तर पिवळ्यावर टचकन लाल ठिपका उमटला. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना देऊन, पण डोळ्यासमोर झालेलं बघून मी ब्रश खालीच ठेवला. तो पाचवा कागद फाडला नाही, बाजूला ठेवलाय.

सहावा पाठमोरा. जोगतीण मावशी दोन दिवस येऊन बसल्या, पैसे दिले, पहिल्या दिवशी घेईनात, दुसऱ्या दिवशी घेतले. जग डोक्यावर असताना मान ताठ असते पण खांदे सैल सोडलेले असतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, माझ्या सगळ्या देव्यांचे खांदे आखडलेले आहेत. कुंकू नाही, चुडा नाही, मनगट मोकळं, डोक्यावर मडकं. दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, सकाळचं ऊन येतं तिथं.

जाऊबाई काल येऊन बघून गेल्या. अभद्र वगैरे काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की चुंबळ अशी सापासारखी का दिसतेय. म्हटलं, सापच आहे तो.