‘दलाल संपला’ म्हणणाऱ्यांनी आधी माझी सेटलमेंट शीट बघावी

तागडी

कालपासून एक पोस्ट चार ग्रुपवर फिरतेय. कुणा उद्योजकता शिबिरवाल्यानं लिहिलेली, ई-कॉमर्सची तोंडओळख. बी-टू-बी (धंद्यानं धंद्याला विकणं), बी-टू-सी (धंद्यानं गिऱ्हाइकाला), सी-टू-सी (गिऱ्हाइकानं गिऱ्हाइकाला) असे खण पाडलेत आणि शेवटी निष्कर्ष काय, तर ऑनलाइनमुळे मधला दलाल संपला, उत्पादक आणि गिऱ्हाईक थेट जोडले गेले.

सोलापुरात आमचे चादरी-टॉवेलचे माग आहेत. एका मोठ्या साइटवर माल विकतो. म्हणून या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सेटलमेंट शीट म्हणजे साइट माझ्या खात्यात पैसे टाकते त्याचा हिशेब. त्यात ऑर्डरीच्या रकमेतून आधी कमिशन जातं. मग दर ऑर्डरीची ठरीव फी. मग पोचवणुकीची फी, तीसुद्धा काट्यावरच्या वजनाची नाही, आकारमानाच्या वजनाची. चादर भरते दीड किलो. घडीचं पार्सल ४० × ३० × १० सेंटिमीटर. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५००० नं भागा, २.४ किलो येतं. पैसे २.४ चे. या सगळ्या फींवर १८ टक्के जीएसटी, वर टीसीएस, म्हणजे साइट विक्रीतून आधीच कापून सरकारात भरते तो कर. शिवाय जाहिरातीचे पैसे भरले नाहीत तर माझी चादर पाचव्या पानावर, तिथवर कुणी जात नाही. आणि गिऱ्हाइकानं वापरून, धुऊन परत पाठवली तरी तो माल माझ्याच अंगावर.

माझ्या मते धंद्याचं मॉडेल ओळखायची खूण एकच: परत आलेला माल कोणाच्या अंगावर पडतो? तो साइटच्या अंगावर पडत नसेल आणि तरी दर, क्रम, परतीच्या अटी सगळं साइटच ठरवत असेल, तर तो दलालच आहे. तोही असा की ज्याच्याशी समोर बसून भांडता येत नाही.

हिंजवडीकर

असहमत, आणि जोरात असहमत. कमिशन म्हणजे दुकानाचं भाडं. तुळशीबागेत चार फूट जागेला काय मोजावं लागतं ते विचारा. तिथेही मोक्याच्या जागेचे जास्तच द्यावे लागतात.

आणि जुना दलाल काय करायचा ते विसरलात का? माझे सासरे इचलकरंजीत कापडात होते. माल उचलला की पैसे दिवाळीनंतर, आणि दिवाळी कोणती ते व्यापारी ठरवणार! पेमेंटसाठी त्यांनी किती फेऱ्या मारल्या ते घरच्यांनी पाहिलंय. तुमच्या खात्यात दर आठवड्या-पंधरवड्याला रक्कम येते ना? मग तेवढं तरी मान्य करा. फ्लिपकार्टनं २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली नसती तर सोलापूरची चादर गुवाहाटीत कुणी मागवली असती का?

पेठकर

हिंजवडीकर, भाड्याचं उदाहरण इथे लागू होत नाही. घरमालक माझ्या दुकानात शिरून शेजाऱ्याला स्वस्तात विकायला लावत नाही.

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पंखा मला डिस्ट्रिब्यूटरकडून जेवढ्याला पडतो त्याहून कमी दरात ऑनलाइन मिळतो. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन पंखा चालवून बघतं, स्पीड विचारतं आणि माझ्यासमोर मोबाइलवर ऑर्डर देतं. मी बोलत नाही, पण जिवाला लागतं.

ही सवलत येते कुठून? २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनचा एकूण कामकाजी नफा १२ अब्ज डॉलरच्या आसपास, आणि एकट्या एडब्ल्यूएसचा, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देण्याचा, जवळपास २३ अब्ज. म्हणजे उरलेला धंदा त्या वर्षी तोट्यात. मी सर्व्हर भाड्यानं देत नाही, मी कुठून तोटा भरू?

हिशेबनीस

दोन्ही बाजूंनी थोडं सुधारून घ्या.

टीसीएस हा खर्च नाही. ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का कापत होते, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. तो तुमच्या जीएसटी खात्यातल्या कॅश लेजरला जमा होतो. फीवरच्या जीएसटीचंही क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून तो वजा होतो. तागडी, तुमच्या सीएला विचारा.

पेठकर, तुमच्या तक्रारीवर नियम आहे. परकीय भांडवलाला स्वतःचा साठा ठेवून ग्राहकाला ऑनलाइन विकायला बंदी आहे, फक्त बाजारपेठ चालवायची मुभा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारची प्रेस नोट २ निघाली, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली: विक्रेत्याची २५ टक्क्यांहून जास्त खरेदी साइटच्या समूहातल्या कंपन्यांकडून असेल तर तो साठा साइटचाच धरायचा, आणि किमतीवर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष प्रभाव टाकायचा नाही. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगानं मर्जीतले विक्रेते आणि मोठ्या सवलती यांची चौकशी लावली ती अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांवर.

हिंजवडीकर

बघा, खरी गोची याच नियमात आहे! साठा ठेवायचीच बंदी घातली, मग साइट जबाबदारी घेईल कशी? त्यांना माल विकत घेऊ द्या, म्हणजे धुतलेली चादर त्यांच्या गोदामात पडेल, तागडींच्या नाही. छोट्या दुकानदाराला वाचवायला केलेल्या नियमाचा भुर्दंड छोटा उत्पादकच भरतोय.

तागडी

हिशेबनीस, क्रेडिट मिळतं हे मलाही ठाऊक आहे. पण तोवर पैसा अडकतो, आणि सुताचा व्यापारी क्रेडिटवर सूत देत नाही.

हिंजवडीकर, पेमेंट वेळेवर येतं, हे देतो तुम्हाला. एवढंच देतो. साठा विकत घ्यायची मुभा दिली तर ते माझी चादर कशाला घेतील? स्वतःचा ब्रँड लावून दुसरीकडून बनवून घेतील. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क आहे, तरी ‘सोलापुरी’ नाव टाकून भलताच माल विकायला आताच ठेवलाय. तक्रार केली की ‘आम्ही फक्त मंच आहोत’.

रानहापूस

म्हणूनच आम्ही साइटच्या नादी लागलो नाही. देवगडला बाग आहे, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो, यूपीआयनं आगाऊ पैसे, पेटी खासगी बसनं मुंबई-पुण्याला. वाशीच्या घाऊक बाजारात माल टाकला की अडत, हमाली, तोलाई, आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत दर काय लागला ते कळत नाही. २०१६ साली फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली, तेव्हापासून थेट विकायला अडवणारं कुणी नाही. दलाल खरंच संपवायचा असेल तर गिऱ्हाइकाचा नंबर स्वतःच्या वहीत असायला हवा.

ठाण्याची मावशी

हापूसचा विषय निघालाच आहे तर बोलते. ‘देवगडहून थेट’ म्हणणाऱ्या एकाला आगाऊ पैसे दिले. पेटीवर देवगड, खाली गवत, वर दोन थर बरे, बाकी कर्नाटकचा आंबा. चवीला कळतो हो, साल जाड असते. फोन केला तर आधी ‘बघतो ताई’, मग नंबर ब्लॉक. मोठ्या साइटवर निदान पैसे परत येतात. ही तुमची थेट विक्री म्हणजे बिनपावतीचा कारभार.

रानहापूस

मावशी, तुम्हाला फसवणारा बागायतदार नव्हता, पेट्या भरणारा होता. त्यानं आमचंही नाव घालवलं. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळाला, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांपुरता. देवगडच्या उत्पादकांची संस्था आता फळावर कोडचं स्टिकर लावते. स्टिकर नसेल तर घेऊ नका.

ठाण्याची मावशी

स्टिकर काय, पेटी पण छापलेलीच होती. आणि आंब्यात साका निघाला तर कोण भरून देतं? वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरं स्पंजासारखं. एका बागायतदारानं मला सांगितलं, ‘निसर्ग आहे ताई.’ निसर्ग आहे तर पूर्ण पैसे का घेता?

रानहापूस

मी भरून देतो. कापलेल्या फळाचा फोटो पाठवायचा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त. साका बाहेरून दिसत नाही, मलाही दिसत नाही, म्हणून तो तोटा माझा. पण लोक एकाच फळाचे चार कोनांतून चार फोटो पाठवतात, त्याचं काय? ठाण्या-पुण्याच्या लोकांनाही थोडी लाज असू द्या.

ठाण्याची मावशी

लाज काढू नका! पैसे आगाऊ आम्ही देतो, भरवसा आम्ही ठेवतो, आणि वर चोरही आम्हीच?

पेठकर

अहो, धागा चादरीचा होता, आंब्यानं खाल्ला.

हिशेबनीस

खाऊ दे, प्रश्न तोच आहे. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम साइटलाही लागू आहेत, तिच्यावरच्या विक्रेत्यालाही आणि स्वतःची वेबसाइट काढून विकणाऱ्या कंपनीलाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर हवं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. पण ताजा आंबा करमुक्त, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. व्हॉट्सॲपवरचा नंबर ब्लॉक झाला की मावशींनी शोधायचं कुठे? थेट विक्रीला ही लंगडी बाजू आहे, रानहापूस, ती नाकारू नका.

रानहापूस

नाकारत नाही. माझ्या पेटीत बागेचा पत्ता आणि सातबाऱ्यावरचं नाव छापलेलं असतं. बाकीच्यांनीही छापावं.

हिंजवडीकर

मग ओएनडीसी, म्हणजे ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स, का नको? डिसेंबर २०२१ मध्ये ना-नफा कंपनी म्हणून नोंदली, मागे सरकार. खरेदीचं ॲप एकाचं, विक्रीचं दुसऱ्याचं, गिऱ्हाईक कुणा एका साइटच्या मुठीत नाही. तागडींना हवं तेच.

तागडी

कल्पना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण खरेदीचं ॲप एकाचं, विक्रीचं दुसऱ्याचं, पोचवणारा तिसरा. चादर परत आली तर येण्या-जाण्याचं भाडं या तिघांपैकी कोण भरणार, हे ऑर्डर घेण्याआधी मला लेखी कळायला हवं. मीशो या विक्रीच्या साइटनं २०२१ मध्ये कमिशन शून्य केलं तेव्हाही माझा पहिला प्रश्न परतीचाच होता, कारण कमिशन गेलं तरी पोचवणूक आणि जाहिराती राहतातच.

रानहापूस साक्याचा तोटा स्वतः घेतात, कारण दर त्यांचा, अट त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं. मीही घेईन. दर मला ठरवू द्या, धुतलेली चादर नाकारायचा हक्क द्या, आणि पार्सल मोजताना काट्याचं वजन धरा.

हिंजवडीकर

धुतलेल्या चादरीचं पटतं. वजनाचं नाही. ट्रकमध्ये जागा अडते, किलो नाही. चादर व्हॅक्युम पॅक करा.

तागडी

केली होती. गिऱ्हाईक म्हणालं चुरगळलेली आली, आणि परत पाठवली.