चप्पल शिवणारे काका
वारीत सगळं फुकट मिळतं, मग विक्रेत्यांकडे जातं कोण, असा प्रश्न कुणीतरी विचारतं. अन्नदानाबद्दल अगदी मान्य, पण पायांचं काय? माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड टप्पा 30 किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण. घाट चढून आलो आणि चपलेचा अंगठा तुटला. कडेला पोतं अंथरून एक काका बसलेले, समोर आरी आणि मेण लावलेला दोरा. चार टाके घातले, न सांगता दुसऱ्या चपलेचाही अंगठा पक्का केला. माझ्याकडून वीस रुपये घेतले. पुढच्या आजींचे मात्र घेतलेच नाहीत, नुसता नमस्कार केला.

त्या टाक्यांवर मी पंढरपूर गाठलं. अशा माणसांकडे जरूर थांबा आणि सुटे पैसे जवळ ठेवा.