म्हादईच्या काठाने तीन रात्री : पाणी किती न्यावं? तातडीने मदत हवी

रानवेडा: शुक्रवारी पहाटे निघतोय, म्हणून लवकर सांगा. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या उस्ते गावाहून म्हादई नदीच्या काठाकाठाने वर, कडवळच्याही पुढे, तीन रात्री रानात आणि त्याच वाटेने परत. तंबू आहेत, शिधा आहे. पाठीवर आधीच दहा किलो. माणशी दोन लिटर पाणी पुरेल का? या दिवसांत व्हाळ (ओढे) वाहतात का?

जुना भटक्या: किती जण? आधी असं राहिला आहात का? परवान्याचं काहीच लिहिलं नाही.

रानवेडा: चौघे. नदीवर जायला परवाना कशाला? पाण्याचं सांगा.

वाळपईकर: बाबा, तो पट्टा म्हादई अभयारण्याचा. १९९९ साली जाहीर झालेलं, २०८ चौरस किलोमीटर. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आत पाय टाकायलाही परवाना लागतो. हद्दीपलीकडे कर्नाटक, तिथे इथला कागद चालत नाही. पाण्याचं म्हणशील तर एप्रिलात बारके व्हाळ आटतात, कोंडांत, म्हणजे नदीतल्या खोल डोहांत, तेवढं उरतं. तिथेच गवे पाण्यावर येतात. कोंडाकाठी तंबू ठोकू नकोस.

झोळीवाला: तंबू घरीच ठेवा. दोन झाडांना झोळी बांधायची, खाली किडामुंगी नाही. मी दहा वर्षं असाच झोपतोय. पाणी चुलीवर उकळा.

वाळपईकर: चूल अजिबात नको! मार्च २०२३मध्ये याच रानात वणवे पेटले होते, आठवतं ना? अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. पाणी गाळायचं साधन न्या.

झोळीवाला: तीन दगडांची चूल आणि वणवा एकच का? नीट विझवली की झालं.

वाळपईकर: पाचोळा वाळलेला असताना नाही.

सत्तरीची नर्स: झोळी असो की तंबू, गोचिडीचं बोला. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, आणि तो गोचिडीतूनच येतो. याच दिवसांत काजूच्या बागांत जाणाऱ्यांना जपावं लागतं. पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्या घाला, संध्याकाळी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

मडगावकर: त्यापेक्षा पावसात या. उस्त्याहून राफ्टिंग असतं, फार मजा येते.

जुना भटक्या: त्याने राफ्टिंग विचारलेलं नाही.

नदीकाठची: पाणी वळवलं तर उद्या कोंडही राहायचे नाहीत. म्हादई पाणीतंटा लवादाने २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यावर कोणी बोलतं का?

जुना भटक्या: ताई, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो. रानवेडा, चौघांत सगळे मोठे आहेत ना?

रानवेडा: भाचा तेरा वर्षांचा आहे. पोहतो चांगला.

सत्तरीची नर्स: हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! पोराला घेऊन रात्री रानात राहू नका.

वाळपईकर: २०२०मध्ये याच अभयारण्यातल्या गोळावलीला चार वाघ मेले, म्हणजे वाघांचा वावर इथे आहे. कोंड वरून शांत दिसतो, तळ कळत नाही. पोहायला उतरवू नको त्याला.

रानवेडा: बरं. बहिणीशी बोललो. उस्त्याला ओळखीच्या मावशी आहेत, त्यांच्याकडे तीन रात्री राहून दिवसा जेवढी परवानगी मिळेल तेवढंच हिंडू. परवान्याला वाळपईला कुठे जाऊ?

वाळपईकर: वनखात्याच्या वन्यजीव कार्यालयात. उद्याच जा, चौघांची ओळखपत्रं घेऊन. वाटाड्या गावातलाच घ्या. पाणी माणशी तीन लिटर, आणि मावशींना आजच फोन कर.