फोनवर एचडी ६०० हेडफोन चालेल का?

लष्करकर: ग्वाल्हेरला, बाड्याजवळ राहतो. रात्री फोनवर ख्याल ऐकतो. साध्या इयरफोनमध्ये तानपुऱ्याची नुसती गुणगुण येते, जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती आस, कळतच नाही. सेनहायझर एचडी ६०० मनात भरलाय. शेजारच्या खाटेवर आई झोपते. घेऊ का?

राजवाडा_इंदूर: अरे थांब! त्याचा विद्युत रोध ३०० ओहम, म्हणजे चालवायला जोर जास्त लागतो; फोनवर आवाज दबका येईल, वेगळा अँप (अँप्लिफायर) लागेल. वर ओपन-बॅक, कप मागून उघडे, म्हणजे आईंनाही आख्खी मैफल! क्लोज्ड-बॅक, मागून बंद कपांचा घे. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, फोनवर आरामात चालतो. बास जरा जास्त, तबल्याचा बायां फुगतो.

दांडियाबाजार: फोनला जॅक आहे का?

लष्करकर: नाही हो.

दांडियाबाजार: मग आधी टाइप-सी डॅक डोंगल घ्या, फोनच्या चार्जिंगच्या जागी लावून हेडफोनची पिन जोडायचं छोटं यंत्र. आणि कानाला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, चष्मेवाल्यांना तर कप फार टोचतात.